गिटारच्या फासळ्या आणि घरचे घासयंत्र

विषयाचे नाव पाहून पुष्कळांना नवल वाटेल. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस, कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलावे. गिटारच्या पोटातल्या लाकडी पट्ट्यांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे जडला आहे. ती चूक योग्य जागी सांगूच. आधी वस्तू नीट समजून घेऊ, कारण वस्तू समजल्याशिवाय चूकही समजावयाची नाही.

गिटार हे वाद्य आता आपल्याला परके राहिलेले नाही. उपनगरातल्या चर्चमध्ये ते वाजते, शाळेच्या संमेलनात वाजते, आणि ज्या गोरेगावात 1943 साली फिल्मिस्तान उभे राहिले त्या गोरेगावाला सिनेसंगीताच्या वाटेने त्याची ओळख व्हावी यातही आश्चर्य नाही. पेटीदेखील एके काळी फ्रान्समधूनच आली होती. पुढे ती भजनात आणि नाट्यसंगीतात अशी मिसळली की तिचे मूळ विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वाद्य आले की मोडतोड आली, आणि मोडतोड आली की दुरुस्त करणारा आला. आमचे एक जुने स्नेही कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी गिटारदुरुस्तीचे काम धरले, आणि दुरुस्तीतून ते नवी गिटार करण्याकडे वळले. दहा बाय बाराची खोली हाच त्यांचा कारखाना. पुढे जे सांगितले आहे ते बहुतांशी त्या खोलीत उभे राहून आम्ही शिकलो.

गिटारची दर्शनी फळी, सतारीच्या भाषेत बोलावयाचे तर तिची तबली, जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. तिच्यावर घोडी बसविलेली असते आणि त्या घोडीला सहा तारा ओढत असतात. पोलादी तारांची गिटार सुरात लावली म्हणजे सहा तारांची मिळून ओढ सुमारे 70 ते 80 किलो भरते. एक धडधाकट माणूस घोडीला लोंबकळत आहे असे समजावे. तीन मिलिमीटरची फळी एवढी ओढ एकटी सोसू शकत नाही. ती फुगेल, वाकेल, शेवटी फाटेल. फळी जाड करावी तर ती हलणार नाही, आणि हलली नाही तर वाद्य बोलणार नाही. या अडचणीतून कारागिरांनी जो मार्ग काढला तो म्हणजे फासळ्या. तबलीच्या आतल्या बाजूने हलक्या पण ताठ लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवावयाच्या. या पट्ट्या वजन फार वाढवीत नाहीत, पण बळ वाढवितात. माणसाच्या छातीला बरगड्या जे काम देतात तेच काम या देतात. छाती सुरक्षितही राहते आणि श्वासाबरोबर हलतेही.

फासळ्या कोणत्या रचनेने बसवाव्यात यावर दोन माणसांची नावे घेतली पाहिजेत. स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस (1817 ते 1892) हा मूळचा सुतार. त्याने पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या सात फासळ्यांची रचना पक्की केली. आवाज मुख्यतः तबलीतून येतो हे दाखविण्यासाठी 1862 साली त्याने एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, आणि तबली मात्र नेहमीसारखी लाकडी ठेवली. दुसरा ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन. हा जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन गावचा. तेथे व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणे की गिटार करण्याचा हक्क आमचा. फर्निचर करणारे सुतार म्हणत की आमचाही आहे. हे भांडण काही वर्षे चालले. 1833 मध्ये मार्टिन अमेरिकेला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. 1840 नंतरच्या काळात त्याच्या कारखान्यातून फुलीच्या आकाराच्या फासळ्या असलेल्या गिटारी बाहेर पडू लागल्या. ती फुली त्या वेळी आतड्याच्या तारांसाठी होती; पण पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा त्यांची ओढ सोसण्यास तीच रचना कामास आली. आज पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींच्या पोटात ती फुली सापडते.

आता फासळीचे माप पाहू. लाकूड बहुधा स्प्रूस, म्हणजे थंड डोंगरातले सूचिपर्णी झाड. ते शक्य तर करवतीने न कापता फोडून घेतात, म्हणजे धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मिळतो. रुंदी साधारण 8 मिलिमीटर, उंची 12 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. यात एक हिशेब आहे आणि तो प्रत्येकाने ध्यानात घेण्यासारखा आहे. फासळीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण उंचीच्या मात्र घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी 8 ची 7 केली तर ताठपणा एक अष्टमांश घटेल. उंची 12 ची 11 केली तर? 12 चा घन 1728, 11 चा घन 1331. म्हणजे एकच मिलिमीटर घासला आणि जवळजवळ चतुर्थांश बळ गेले. बसच्या तिकिटाचे दहा-बारा तुकडे एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढ्यात हा सारा न्याय होऊन जातो. म्हणून फासळी घासताना हात चुकता कामा नये, आणि यंत्र तर मुळीच चुकता कामा नये. कारण हात थकून थांबतो, यंत्र थांबत नाही.

मग यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न येईल. आमच्या स्नेह्यांनीही वर्षभर रंधा, पटाशी आणि पॉलिश पेपर यांवरच काम केले. एका गिटारीला तबली आणि पाठ धरून दहा-बारा पट्ट्या लागतात. त्या सर्व एका जाडीच्या करावयाच्या, प्रत्येकीच्या बुडाला ठराविक बाक द्यावयाचा, मग टोके निमुळती करावयाची. मनगट सुजले तेव्हा त्यांनी यंत्राचा विचार केला. विकतच्या यंत्राची किंमत ऐकली आणि ते स्वतःच करावयाचे ठरविले.

येथे कोणते काम यंत्राला द्यावे आणि कोणते कानाला राखावे हे ठरवून घेतले पाहिजे. मिरजेच्या कारागिरांकडे पाहिले की हे चटकन कळते. हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी तेथे सतारी आणि तंबोरे करण्याची परंपरा उभी केली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीने दोन हात घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. हे काम यंत्राने होत नाही, कारण किती घासावयाचे हे आधी कोणालाच ठाऊक नसते. ते तार सांगते. फासळीचेही तसेच. पट्टी सरळ आणि एकसारखी करणे, तिच्या बुडाला बाक देणे ही मापाची कामे. ती यंत्राने करावीत. फासळी तबलीला चिकटल्यावर तिची उंची कमी करीत, बोटाने टिचकी मारून तबलीचा नाद ऐकत शेवटचा आकार देणे हे कानाचे काम. ते पटाशीनेच करावे.

पहिले यंत्र जाडी सारखी करण्याचे. त्याचा प्राण म्हणजे एक रूळ. 18 मिलिमीटर जाड प्लायवूडच्या गोल चकत्या कापून, मधोमध भोक पाडून त्या एका पोलादी दांड्यावर एकापुढे एक ओवावयाच्या आणि चिकटवावयाच्या. बारा चकत्या घेतल्या की 216 मिलिमीटर लांबीचा रूळ होतो. व्यास सुमारे 100 मिलिमीटर. दांड्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, एका टोकाला पुली, आणि तिला पट्ट्याने फिरविणारी मोटर. आमच्या स्नेह्यांनी जुन्या घरघंटीची मोटर आणली. एक अश्वशक्ती, मिनिटाला सुमारे 1440 फेरे. रुळाखाली लाकडी मेज. हे मेज एका बाजूस बिजागरीवर आणि दुसऱ्या बाजूस एका बोल्टवर टेकलेले. बोल्ट फिरवला की मेज वर-खाली होते.

यातली मौज अशी की असा रूळ हाताने कितीही काळजीपूर्वक केला तरी तो पूर्ण गोल होत नाही. तो गोल करण्याचे काम यंत्राकडूनच करून घ्यावयाचे. मेजावर जाड पॉलिश पेपर चिकटविलेली सपाट फळी ठेवावी, रूळ सुरू करावा आणि मेज केसाकेसाने वर आणावे. उंचवटे झिजतात आणि रूळ नुसता गोलच नव्हे तर मेजाशी समांतरही होतो. मग त्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर नागमोडी गुंडाळून दोन्ही टोकांना घट्ट बांधावयाचा. बोल्टाचेही गणित सोपे आहे. 8 मिलिमीटरच्या बोल्टाचा आटा 1.25 मिलिमीटरचा असतो. रूळ बिजागरी आणि बोल्ट यांच्या बरोबर मध्ये असेल तर बोल्टाची उंची रुळाखाली निम्मी होते. म्हणजे बोल्टाला पाव फेरा दिला की मेज रुळाखाली सुमारे 0.16 मिलिमीटर चढते. एका वेळी याहून अधिक घेऊ नये.

पट्टी नेहमी रुळाच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवावयाची. उलट बाजूने घातली तर रूळ ती हातातून हिसकावून भिरकावून देतो. हिशेब करून पाहा. 100 मिलिमीटर व्यासाचा रूळ 1440 फेरे घेतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग मिनिटाला 450 मीटर पळतो, म्हणजे ताशी 27 किलोमीटर. फलाटात शिरणाऱ्या लोकलसमोर आपण हात धरीत नाही. पट्टी ढकलण्यासाठी दुसरी लाकडी पट्टी वापरावी, आणि आपण रुळाच्या सरळ समोर न राहता बाजूला उभे राहावे.

दुसरे यंत्र बाकाचे. चांगल्या गिटारची तबली दिसावयास सपाट असली तरी किंचित फुगीर असते; तिचा फुगवटा 25 फूट त्रिज्येच्या गोलाचा धरतात. फासळीचे बूडही तितकेच बाकदार लागते. पण 25 फुटांची दोरी घेऊन वर्तुळ काढावयास खोलीत जागा कोठे आहे? येथे शाळेतली भूमिती उपयोगी पडते. पट्टीच्या लांबीचा वर्ग घ्यावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. मध्यावर बाक किती उचलला पाहिजे ते मिळते. पट्टी 380 मिलिमीटर, त्रिज्या 7620 मिलिमीटर. उत्तर येते 2.4 मिलिमीटर. टोकापासून चतुर्थांश अंतरावर त्याचा पाऊण हिस्सा, म्हणजे 1.8. एका फळीवर दोन्ही टोकांस, दोन्ही चतुर्थांशांवर आणि मध्यावर या मापाने पाच खिळे ठोकावेत, त्यांना पोलादी पट्टी टेकवून पेन्सिल फिरवावी. पंचवीस फुटांचे वर्तुळ हातभर फळीवर उतरते. आमचे शिक्षण सातवीपुरते. हे सूत्र आम्हांला समजले तेव्हा झालेला आनंद वेतनवाढीच्या करारावर सही होते तेव्हाच्या आनंदाहून कमी नव्हता.

या रेषेवर कापून गुळगुळीत केलेल्या प्लायवूडला फर्मा म्हणावयाचे. मेजाच्या भोकातून एक उभा रूळ वर येतो. त्याच्या बुडाशी, त्याच दांड्यावर, त्याच व्यासाचे बेअरिंग. बाजारात 6205 नंबरचे बेअरिंग बाहेरून 52 मिलिमीटर व्यासाचे मिळते. म्हणून रूळही कागदासह 52 मिलिमीटरचाच करावयाचा. फर्म्यावर फासळी दुहेरी चिकटपट्टीने बसवून ती किंचित बाहेर डोकावेल अशी ठेवावी आणि रुळाला लावावी. बाहेर डोकावणारे लाकूड घासले जाते. फर्मा बेअरिंगला टेकला की घासणे आपोआप थांबते. फर्मा म्हणजे यंत्राला घातलेली वेस. तिच्यापलीकडे त्याला जाता येत नाही. शेवटी पॉलिश पेपर चिकटविलेल्या उथळ परातीसारख्या गोल तबकडीवर फासळी चार हात फिरवून पाहावी. 600 मिलिमीटर व्यासाची अशी तबकडी मध्ये अवघी 6 मिलिमीटर खोल असते.

आता ती चूक. पहिले यंत्र पुरे झाले त्या संध्याकाळी आम्ही तेथे होतो; रूळ गोल करताना बोल्ट आम्हीच फिरवीत होतो. पहिली पट्टी बाहेर आली तेव्हा दोघांनाही मुलासारखा हर्ष झाला. तेवढ्यात स्नेह्यांची मुलगी जेवावयास बोलावण्यासाठी आली आणि पट्टी पाहावयास वाकली. तिच्या ओढणीचे टोक पट्टा आणि पुली यांच्यामध्ये ओढले गेले. पट्टा सैल होता म्हणून तो पुलीवरून उतरला; वीतभर ओढणी फाटली आणि मुलगी मागे कोसळली. तिला काही लागले नाही. पट्टा ताणून बसवावयाचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवले होते. ते त्याच दिवशी झाले असते तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

कोणी काही बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, “भावजी, कारखान्यात असं यंत्र असतं तर तुम्ही काम बंद पाडलं असतं ना?”

खरोखरच पाडले होते. वीसेक वर्षांपूर्वी याच स्नेह्यांच्या विभागात पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली आढळली तेव्हा आम्ही दोन दिवस काम बंद ठेवले होते. त्या वेळी दारावरच्या सभेत जाळीचे महत्त्व आम्हीच समजावून सांगितले होते, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत हे स्नेही होते. तोच वक्ता आणि तोच श्रोता मिळून आता घरात उघड्या पट्ट्याचे यंत्र चालवीत होते. जाळी ही मालकाकडून मागावयाची गोष्ट आहे असे आमच्या मनाने घेतले होते; मालक नाही तेथे मागणीही नाही. ज्याच्याकडून मागावयाचे तो आता आपणच आहोत, हे दोघांच्याही ध्यानी आले नाही.

कायद्याचेही काहीसे असेच आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 14 मध्ये धुळीचा आणि कलम 21 मध्ये यंत्रांना कुंपण घालण्याचा बंदोबस्त सांगितला. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून पुढे लागू होई. 2020 च्या संहितेत हा आकडा वीस झाला. एका खोलीत एकटा काम करणारा कारागीर या मोजणीत बसत नाही. तेथे निरीक्षक येत नाही, युनियन येत नाही. हल्ली कारखाने बंद होत आहेत आणि कामे घराघरांत शिरत आहेत. कारखान्याबरोबर जाळीही मागे राहिली तर पन्नास वर्षे आम्ही मिळविले ते काय?

म्हणून त्या यंत्रात पुढे जे केले ते सांगतो. पट्टा आणि दोन्ही पुल्या प्लायवूडच्या पेटीत बंद केल्या; पेटी उघडावयास पाना लागतो. रुळावर झाकण बसविले; पट्टी जाण्यापुरती फट तेवढी मोकळी. गुडघ्याने दाबता येईल असे मोठे लाल बंद-बटण. वीज गेली असता आपोआप बंद होणारा आणि वीज परतली तरी पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच. नाहीतर भारनियमन संपताच यंत्र माणसाविना फिरू लागते. मोटरीला अर्थिंग, आणि 30 मिलिॲम्पिअरवर गळती तोडणारा स्विच. अंगात सैल बाह्या नकोत, ओढणी किंवा मफलर नको. आणि पुष्कळांना हे उलटे वाटेल, पण फिरत्या रुळाजवळ हातमोजेही नकोत, कारण मोजा अडकला की त्यात बोट असतेच.

राहिली धूळ. ती ओढणीप्रमाणे एका क्षणात ओरडत नाही, म्हणून अधिक कपटी. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या-टेबलांचे गाव. तेथील फर्निचर कामगारांत नाकाच्या आतील कर्करोग फार आढळतो हे 1960 नंतरच्या दशकात डॉक्टरांनी दाखवून दिले. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून नोंदविली. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही; एन-95 जातीचा मुखवटा लागतो. त्याआधी धूळ उडूच न देणे बरे. स्नेह्यांनी रुळाच्या झाकणाला नळी जोडली, ती 20 लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीत गोल फिरेल अशी तिरपी सोडली, आणि बादलीच्या झाकणातून घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राला जोडली. जड धूळ बादलीतच बसते. बारीक धूळ पेट घेते, म्हणून बादली शेगडीपासून दूर, आणि रोज रिकामी. तिच्याच खोलीत पोळ्या होतात आणि मुले झोपतात, हे विसरून चालत नाही.

या सर्वाला वरकड खर्च किती आला? मोटर, दांडा आणि बेअरिंग यांच्या मानाने फारच थोडा. वेळ मात्र तीन रविवार गेले. पैशाच्या अभावी जाळी राहिली होती असे म्हणावयास आम्हांला जागा उरली नाही.

यंत्र आता रोज दोन तास चालते. दुपारी, शेजाऱ्यांना विचारून ठरविलेल्या वेळी. मनगटाची सूज उतरली. मापाची कामे यंत्र करते आणि उरलेला दिवस कानाच्या कामाला मिळतो. परवा आम्ही गेलो तेव्हा यंत्र बंद होते. स्नेही खिडकीपाशी बसून चिकटविलेल्या फासळीवरून पटाशीने पापुद्र्याएवढा छिलका काढीत, तबली कानाजवळ धरून टिचकी मारीत होते. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. “अजून थोडं, बाबा,” ती म्हणाली. त्यांनी आणखी एक छिलका काढला.

श्रोत्यांपैकी कोणाला असे यंत्र घरी करावयाचे असेल तर त्याने अवश्य करावे. आमची विनंती एवढीच की कागदावर आराखडा काढताना आधी जाळी काढावी, मग पट्टा, मग रूळ. आणि मोटर सर्वांत शेवटी आणावी.